पाचगावची नोंदवही

प्रतापनगर, नागपूर
१९ फेब्रुवारी १९८४

प्रिय शालिकराम,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तिकडे डोंगरात वायरलेसचे नवे खांब उभे करतोयस, रोज तीच पातळ डाळ जेवतोयस, सगळं वाचलं. दोन्ही पत्रांत विनवणी एकच: आईकडे लक्ष ठेव, काही कमीजास्त झालं तर लगेच तार कर, मी धावत येईन. तुझा पत्ता माझ्याशिवाय कुणापाशी नाही, हेही लिहिलंस. होणाऱ्या बायकोवर एवढा विश्वास टाकणारा नवरा नशिबानेच मिळतो.

रुखमाबाईंचा दमा संक्रांतीनंतर फार वाढला. मी रोज कचेरीतून थेट त्यांच्याकडे जात होते. पेज भरवायचे, पाठ शेकायचे. माझा हात धरून त्या विचारायच्या, "शाल्याले तार केली काय वं? येऊन राहिला ना तो?" मी म्हणायचे, केली, वाटेत असेल.

उमरेडच्या कचेरीच्या गच्चीवर तू खांब चढवलास, त्याला आता दोन वर्षं होतील. लोखंडी नळाला तीन बाजूंनी तारांचे ताण दिलेस, टोकाला एरियल बसवलंस आणि खाली येऊन मला सेटवर बोलायला शिकवलंस. नागपूरचा आवाज उमरेडला थेट पोचत नव्हता, म्हणून मध्ये पाचगावला दुसरा खांब, आणि तिथे तू. नागपूरने सांगायचं, पाचगावने ऐकून उमरेडला जसंच्या तसं सांगायचं, पुढच्याने परत म्हणून दाखवेपर्यंत माइक खाली ठेवायचा नाही. ऐकलेला निरोप पोटात ठेवणं हे आपल्या कामातलं पाप, असं तू डोळे वटारून बजावलं होतंस. मला किती कौतुक वाटलं होतं तुझं!

त्याच आठवड्यात उमरेडला मोठ्या साहेबांची तपासणी होती, आणि त्याच दिवशी धरमपेठेत माझ्या बापूजींना झटका आला. शेजारच्या कुसुमताई धावत आपल्या नागपूरच्या कचेरीत गेल्या, तिथून वायरलेसने निरोप निघाला. मला तो तुझ्या तोंडून पाच वाजायच्या सुमारास मिळाला. एसटीने घरी पोचले तेव्हा वडिलांना नेलं होतं. सारवलेल्या जमिनीवर पणती तेवढी होती. तू दुसऱ्या दिवशी आलास. "लाइनच भेटत नव्हती वं, मी काय करू?" म्हणत रडलास, आणि मीच पदराने तुझे डोळे पुसले.

गेल्या दिवाळीत मला महिनाभर पाचगावला बसवलं. रिकाम्या वेळात जुनी नोंदवही चाळली. तुझंच अक्षर. बापूजी गंभीर, गोपिकाला पाठवा: मिळाला सकाळी दहा दहा, पुढे दिला चार पन्नास. मधल्या वेळात तपासणीचे सोळा निरोप तू मला दिलेस, एकही अडला नाही. मी सेट सोडून निघाले असते तर तपासणी फसली असती आणि तुझी नोकरी पक्की झाली नसती. माझ्याशी खोटं बोललास, पण वहीत वेळ खरी लिहिलीस. खांबवाल्यांची ती खोडच. बापूजी दोन वाजेपर्यंत बोलत होते, शालिकराम. एसटीला दीड तास लागतो. त्या दिवसापासून तुझं नाव घेतलं तरी माझ्या अंगाची लाही होते, आणि तरी मी तुझ्या आईची पाठ शेकत राहिले.

रुखमाबाई सहा तारखेला सकाळी गेल्या. अग्नी तुझ्या चुलतभावाने, नत्थूने दिला. काल तेरावं झालं. नत्थू पत्ता मागायला दोनदा आला होता, तार केलीय म्हणून मी त्याला परत पाठवलं. तार मी केलीच नव्हती. पण तुझी आई वाट बघत गेली असं समजू नकोस. आदल्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी सांगितलं, तुमच्या मुलाचं उत्तर आलंय, कामातून सवड नाही म्हणतो. त्यांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं नसतं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
गोपिका