सातव्या थांब्याची गल्ली

५ जानेवारी, रविवार

बास झालं! लग्न होऊन सात महिने झाले आणि मला कोल्हापुरात तीनच वाटा माहीत – घर ते मंडई, घर ते रंकाळा, घर ते स्टँड. (स्टँड म्हणजे इचलकरंजीला आईकडे पळायला.) ऑनलाइन शिकवणीत आठवीच्या पोरांना ॲमेझॉनचं खोरं शिकवते आणि कुणी "मिरजकर तिकटीपासनं डावीकडं" म्हणालं की नुसती मान हलवते. भूगोलाची बाई म्हणे!

मोबाइलवर एक सहल सापडली. कानात घालायचं आणि चालायचं. एक बाई बोलत राहते – इथे थांबा, वर पाहा, आता वीस पावलं पुढे. जुन्या पेठांमधले नऊ थांबे, दोन तास, भवानी मंडपापासून सुरू. गाईड नको, कुणाला विचारायला नको. माझ्यासारख्या बुजऱ्यांसाठीच!

नवरा, म्हणजे राजवीर, म्हणाला, "जा की. मला फौंड्रीतनं सुट्टी कुठली." आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं तर म्हणाल्या, "ऐकत फिरायचं? माणसं बघत फिरतात."

७ जानेवारी

आई आल्या! मी चपला घालतेय तर त्या आधीच दारात. "एकटी कुठं जातीस. मी येतो की."

माझा इअरफोन जुना, वायरवाला. एक टोक माझ्या कानात, एक त्यांच्या. वायर जेमतेम हातभर. खांद्याला खांदा लावून चालावं लागलं – सात महिन्यांत इतक्या जवळून आम्ही कधी चाललो नव्हतो.

कानात काही असलं की माणूस ओरडून बोलतो. आई मुळातच ओरडून बोलतात! बाई म्हणाली, "आपण आता महाद्वार रोडवर आलो आहोत." आई – "व्हय, दिसतंय की!" अख्खा रस्ता वळला. बाई म्हणाली, "क्षणभर डोळे मिटून या परिसराची शांतता अनुभवा." आम्ही शहाण्यासारखे डोळे मिटले. तेवढ्यात एक रिक्षावाला आणि एक गजरेवाली एकमेकांचा उद्धार करायला लागले. आई डोळे उघडून म्हणतात, "ही बाई कधी आलती का हितं?"

दोन तासांत तीनच थांबे. दर दहा पावलांवर कुणीतरी "तानाक्का, सून व्हय?" म्हणून अडवतं. आई सगळ्यांना सांगतात, "कानात गाईड हाय. हळू बोल." आणि स्वतः ओरडतात.

८ जानेवारी

पाय दुखतायत. त्यांचे नाहीत. माझे!

११ जानेवारी, शनिवार

चौथा, पाचवा, सहावा. गुजरीत आई बाईवर खूश होत्या, पापाच्या तिकटीला पुन्हा भांडल्या. ("सांगायचं तर सगळं सांग की! अर्धं सांगून पळती.") मला आता तिकटी म्हणजे काय ते कळलं – तीन रस्ते मिळतात ती! इतकं सोपं, आणि सात महिने मी मान हलवत होते.

खासबागेत मैदान रिकामं. पायऱ्यांवर बसलो. आई एकदम हसायला लागल्या. "फ्रॉकात यायचो मी हितं. दादाच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघायचो. समोरच्याच्या पटक्यावर चिरमुरं सांडायचो."

"दादा कोण? तुम्हाला भाऊ आहे?"

"ऊन लागाय लागलं," आई म्हणाल्या.

सातव्या थांब्यासाठी बाई म्हणाली, "आता मैदानामागच्या गल्लीत वळा." मी वळले. वायर ताणली आणि माझ्या कानातलं टोक निघालं. आई तिथंच उभ्या होत्या.

"पुरं आज. पाय दुखतोय."

आणि त्या दुखऱ्या पायानं इतक्या झपाझप घरी आल्या की मला मागून पळावं लागलं.

१४ जानेवारी

तिळगूळ वाटून झाल्यावर म्हटलं, चला ना, आज सातवा करू. "आठव्याला जाऊ सरळ. सातव्यात काय हाय? एक तालीम आन् कट्टा." – हे त्यांना कसं माहीत? बाई तर अजून बोललीच नाही!

१५ जानेवारी

राजवीरला पकडलं. आधी "विचारू नको" म्हणाला. मग सगळं सांगितलं.

आईंचा सख्खा भाऊ आहे. हंबीरराव. खासबागेमागच्या त्याच गल्लीत राहतो. आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटं! आणि आई एकतीस वर्षं तिकडे गेलेल्या नाहीत.

कारण काय? फुटबॉल!

मी हसले. राजवीर नाही हसला. हे घडलं तेव्हा तो पोटात होता. बाबा, म्हणजे माझे सासरे बाळासो, आमच्या पेठेकडून खेळायचे, मामा त्यांच्या पेठेकडून. फायनलला बाबा आडवे गेले, दोघं पडले आणि मामांची नडगी मोडली. खेळाडू म्हणून पोलिसात नोकरी जवळजवळ ठरली होती, ती गेली. पाय वाकडाच बसला. बाबा माफी मागायला दवाखान्यात गेले तर मामांनी दारातूनच हाकललं. आईंना निरोप पाठवला, "त्या घरात नांदायचं असंल तर ह्या घरात येऊ नको." आई नांदल्या. त्यांची आई वारली तेव्हा सगळं उरकल्यावर कळवलं.

"बाबांनी पुन्हा बॉलला पाय लावला नाही," राजवीर म्हणाला. "मी लहानपणी खेळायला लागलो तर घरात आले आणि दार लावून बसले." दोन वर्षांपूर्वी शेवटच्या दुखण्यात सारखं एकच – हंबीररावाला सांगायचं होतं, मुद्दाम न्हवतं.

मी बाबांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. आज पुसताना जरा जास्त वेळ पुसला.

१९ जानेवारी, रविवार

गेले. एकटी. आईंना म्हटलं वही आणायला चालले. (खोटं. पाप लागो.)

बाई सांगत होती, उजवीकडे जुनी तालीम, पुढे कट्टा, कट्ट्यावर थोडं विसावा. कट्ट्यावर आधीच एक जण विसावलेले. पांढऱ्या मिशा, बाजूला काठी, एक पाय पुढे लांब केलेला. हनुवटी – हुबेहूब आईंची!

"पावणं, काय हुडकताय?"

मी गडबडून मोबाइल दाखवला. त्यांनी मोठ्यानं लाव म्हणून सांगितलं. बाईची दोन वाक्यं ऐकली आणि ओरडले, "खोटं बोलती की ही! सगळं सांगितलंच न्हाय!"

मला हसू आवरेना. तेच शब्द, तोच आवाज, तेच ओरडणं.

आतून त्यांची बायको आली, विठाबाई. चहा दिला. "कुणाची गं तू?" "इचलकरंजीची," म्हटलं. खोटं नाही. पण खरंही नाही. मामांनी मला पाऊण तास तालमीचा इतिहास सांगितला. फुटबॉलचं एक अक्षर नाही. निघताना म्हणाले, "पुन्यांदा ये. त्या बाईला घरी ठेवून ये."

२० जानेवारी

राहवेना. आईंना सांगून टाकलं. त्या भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या. भाकरी फाटली.

"तुला कुणी सांगितलतं जायाला?"

एवढंच.

२१ जानेवारी

आई बोलत नाहीत. घरात इतकी शांतता पहिल्यांदाच. राजवीर म्हणतो, "शाबास."

२२ जानेवारी

दुपारी, मटार सोलताना, माझ्याकडे न बघता –

"दात हायत का त्याला अजून?"

"सगळे नाहीत."

"बरं झालं."

२३ जानेवारी

"काठी कुठल्या हातात धरतो?" "वैनी जाड झाली काय?" "कट्ट्याम्होरं उंबराचं झाड हाय का, तोडलं?" दिवसभर प्रश्न! मला एकाचंही उत्तर नीट देता येईना. शेवटी चिडून म्हणाल्या, "मग बघितलंस तरी काय तिथं जाऊन?"

२६ जानेवारी, रविवार

सकाळी आई ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून तयार. "चल. ती बाई सातव्याला काय म्हणती, ऐकूया तरी."

मैदानापाशी वायर दोघींच्या कानात. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की आत्ता लिहितानाही तिथं दुखतंय. गल्लीत वळलो. बाई म्हणाली, "आता सावकाश चला." आई पहिल्यांदाच तिला उलट बोलल्या नाहीत.

मामा कट्ट्यावर होते. आधी मला पाहून हात वर केला. मग माझ्या शेजारी कोण ते दिसलं. हात तसाच राहिला.

कानात बाई मात्र खुशाल बोलतेय!

मामांनी काठी उचलून कट्ट्यावर जागा केली. "बस, ताने."

"बसतो की," आई म्हणाल्या आणि बसल्या.

असं वाटलं आता रडारड होणार. कसली! दोन मिनिटांत भांडण – तालमीला आधी दार कुठल्या बाजूला होतं. "उत्तरंला!" "खुळा हायस काय दादा, दक्षिणंला!" विठामामी पदर तोंडाला लावून दारात. रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही. जेवू घालूनच पाठवलं. तांबडा रस्सा असा होता की नाकातून पाणी आलं, त्यामुळे कुणी खरंच रडलं असेल तरी कळायची सोय नव्हती.

येताना आई सगळ्या रस्त्याला सांगत होत्या, "म्हायेरास्नं आलो."

२७ जानेवारी

आठवा आणि नववा थांबा राहिलाय. आई म्हणतात राहू दे, सातव्यालाच परत जाऊ!

३० जानेवारी

मामांचा फोन. रविवारी येतो म्हणाले. आमच्या घरी! आईंनी आत्तापासून पडदे धुवायला काढलेत. राजवीरनं रजा टाकली.

२ फेब्रुवारी, रविवार

मामा आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. बाबांच्या फोटोसमोर काठी टेकून उभे राहिले. मग खाली बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले –

"ताने, दाजींचा पाय मला लागलाच न्हवता. माझाच पाय खड्ड्यात मुडापला. सगळं मैदान वराडलं, बाळासोनं मोडला, बाळासोनं मोडला. दाजींनाबी तसंच वाटलं. मी गप बसलो. आज बोलू, उद्या बोलू केलं... आन् दाजी गेलं."

राजवीर उठून बाहेर गेला. आई उठल्या. मग फोटोकडे तोंड करून, इतक्या हळू की मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता –

"ऐकलंसा का?"

मामा अजून बसलेत. त्यांना कुणी जा म्हणालेलं नाही. बसा पण नाही.