बसची मागची कड

६ जानेवारी, सोमवार
मेडशीहून बहिणीचा, धम्मदीपाचा फोन. "दादा, तू तिथं नेमकं काय करून राह्यला?" म्हटलं, वाऱ्याले बस दाखवतो! हसतच सुटली.
पण खरंच तेच काम आहे. पुण्याजवळची ही लॅब — बोगद्यासारखी लांब खोली, टोकाला घराएवढा पंखा, मधे कमरेएवढी मातीची बस. तिच्यावर लोकरीचे तुकडे चिकटवायचे आणि पंखा लावायचा. लोकर हलते अन् वारा दिसतो. वारा दिसतो! आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला!
मग मशीन आकडा देते. जितका मोठा, तितका वारा गाडीला अडवतो.

८ जानेवारी
झोपेतही वाराच. माय तूर उपणताना सूप उंच धरते — दाणे पायाशी, फोल दूर. हायवेवर ट्रक गेला की त्याच्यामागे नदी वाहताना दिसते मला. कोणाला सांगू?

९ जानेवारी, गुरुवार
आज हात गेलाच. बसची मागची कड धारदार. वाटलं, वाऱ्याला टोचत असेल. सगळे चहाला गेले, तेव्हा अंगठ्यानं हळूहळू गोल केली. काय गोड दिसली!

१० जानेवारी
आकडा वाढला.
लॅब चालवणाऱ्या मॅडमचा आठवडा पाण्यात. मातीचं काम उत्कर्ष सरांच्या हाताखालचं, म्हणून सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. सर आपल्या शेलूबाजारचे. रोज चिडवतात — "काय मेडशीकर, वारा काय म्हनते आज?" आज चिडवलं नाही. मी खाली बसून लोकरीचे तुकडे वेचत राहिलो. सांगितलं तर परत गोदामात पेट्या उचलायच्या.

११ जानेवारी
नाही सांगितलं.

१३ जानेवारी, सोमवार
सांगितलं! मॅडमनी चष्मा काढला. "कड धारदार असली की वारा पटकन सुटतो. गोल केली की चिकटून राहतो, बसला मागं ओढतो." मला समजावत होत्या! मग म्हणाल्या, "आजपासून मॉडेलला हात लावायचा नाही." आणि दारापर्यंत गेलो तेव्हा — "उत्कर्षनं शुक्रवारीच लिहून दिलं, चूक माझी म्हणून. त्याला प्रोजेक्टमधून काढलंय."

१५ जानेवारी
सरांना कॅन्टीनमध्ये गाठलं. "काहून केलं असं, सर?"
बशीत चहा ओतत म्हणाले, "अबे, दारातून पाहून राह्यलो होतो मी तुले. थांबवलं नाही. मले बी वाटलं, आकडा खाली येईन."