ढालीची रविवारची सुट्टी

कसबा बावडा, कोल्हापूर
सोमवार, डिसेंबर २००७ (सकाळची धार काढून झाल्यावर)

चिरंजीव जावईबापू प्रभुलिंगराव यांस,

भरमाप्पाचे शरणार्थ, आणि तुमच्या सासूबाई रत्नव्वा यांचे तोंडभरून आशीर्वाद. (जावयाला चिरंजीव लिहावं की राजश्री, यावर सकाळीच इथं वाद झाला. ती म्हणाली राजश्री. मी म्हटलं, राजश्री लिहिलं की माणूस लांबचा होतो. शेवटी पेन माझ्या हातात होतं.)

इकडं सगळं बरं आहे. माझा गुडघा थंडीनं कुरकुरतो, म्हणजे अजून जागेवर आहे. म्हैस दूध देते, ऊस कारखान्याकडं चाललाय, आणि तुमच्या सासूबाई मला बोलणी देतात. ज्यानं त्यानं आपापलं काम नीट चालू ठेवलंय. तुमची पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून ती धरते असं आमची लेक सुष्मिता म्हणाली. एरंडेल कोमट करून चोळायचं आणि वर रुईचं पान शेकून बांधायचं. बेंगळूरच्या एवढ्या मोठ्या कंपनीत हे तुम्हाला कोण सांगणार, म्हणून मी सांगतो. आमची नात शिवांजली जेवते का? दाताखाली खोबरं आलं की अजून थुंकते का?

आता पत्राचं कारण. तुम्ही फोनवर विचारलंत, मामा, कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस बंद कसा होतोय? मी बघतो बघतो म्हणून फोन ठेवला. जावयाला असं अर्धवट उत्तर देणं मला काही बरं वाटलं नाही. आता सगळं बघून झालंय. चहा घ्या आणि निवांत वाचा.

तुम्ही मशीन बसवून दिलंत, तेव्हा घड्याळाशेजारची ती बारकी ढाल दाखवली होती. हिरवी असली की राखणदार जागा, लाल फुली दिसली की चोरांना रान मोकळं. मी ते ध्यानात ठेवलं. सकाळी कपाळाला विभूती लावली की आधी लिंगपूजा आणि मग ढाल, हा माझा नेम. (मधे चहा असतो, तो धरला नाही.) तर श्रावणापासून असं व्हायला लागलं, की आठवडाभर ढाल पोपटासारखी हिरवी, आणि सोमवारी सकाळी बघावं तर लाल फुली. मी चालू करायचो. पुढच्या सोमवारी परत फुली. माझा उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेला. पट्टा दर वेळी ठरल्या वारी निसटायला लागला तर दोष पट्ट्याला द्यायचा नसतो, एवढं मला कळतं. पण कॉम्प्युटरला पट्टा नसतो. (आत कुठं असला तर कळवा.)

तुम्ही मग सांगितलंत, की काही व्हायरस आधी राखणदारालाच झोपवतात आणि मग घरात शिरतात. शंका फिटेपर्यंत मामा, आमच्या मशीनशी जोडू नका, माझं ऑफिसचं काम त्याच्यावर आहे. रास्त बोललात. पण म्हणजे रविवार संध्याकाळचं पडद्यावर तोंडं बघत होणारं बोलणं बंद. ते बोलणं असतं रत्नव्वाचं आणि शिवांजलीचं, तुम्ही-आम्ही नुसते कडेला उभं राहून वायरी सांभाळणारे. रत्नव्वा तिला लंगड्या शेळीची गोष्ट सांगते. शेळी बाजाराला निघाली ती अजून पोचलेली नाही, दर रविवारी चार पावलं टाकते. शेवटच्या रविवारी ओढ्याला पाणी आलं आणि शेळी अलीकडं थांबली. पलीकडं कशी जाणार, हे पुढच्या रविवारी. आणि तो रविवार काही येईना! मी जाऊन सांगितलं, तेव्हा रत्नव्वा एवढंच म्हणाली, "म्हंजे शेळी तशीच हुबी ऱ्हाणार व्हय?" आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकरी मी बोललो नाही, पण फार जाड झाल्या होत्या.

फोनवर गोष्ट सांगून बघितली. पण फोनवर पोरगी नुसती मान हलवते, ते इकडं ऐकू येत नाही. आणि शेळीचे कान हातानं करून दाखवल्याशिवाय रत्नव्वाला गोष्ट पुढं ढकलता येत नाही.

तेव्हा मी कंबर कसली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सेफ मोड लावला. पडदा काळा झाला आणि अक्षरं निवडणुकीत भिंतीवर रंगवतात तेवढाली झाली. मग आख्खं मशीन तपासायला लावलं. ती पट्टी उसानं भरलेल्या गाडीसारखी चढ चढत होती. सकाळच्या धारेला सुरू केलं ते संध्याकाळच्या धारेला संपलं. म्हशीनं तेवढ्या वेळात दोनदा दूध दिलं, मशीननं एकदा निकाल दिला. निकाल असा, की व्हायरस म्हणावं असं काही नाही, पण घरात फुकटे पावणं मात्र रग्गड बसलेत. वरच्या बाजूला पट्ट्यांवर पट्ट्या येऊन पेपरातली बातमी फटीतून बघायला लागायची, ते त्यांच्यामुळंच. त्यात चूक म्हणाल तर आपल्या घराण्याची. मधेच एक चौकोन येतो आणि आत येऊ का म्हणून अदबीनं विचारतो. दारात उभं राहून विचारणाऱ्याला आमच्यात कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. मी येस दाबत गेलो. एकाला तर, तो सारखा सारखा विचारत होता म्हणून, दया येऊन आत घेतला.

त्या सगळ्यांना वाटेला लावलं. तरी मनाची खात्री होईना, म्हणून कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळला आणि रिक्षानं शहरात एका दुकानात नेला. (रिक्षावाल्यानं विचारलं, पावणं, बाळ आजारी हाय काय? मी व्हय म्हटलं. त्यानं खड्डे चुकवत नेलं.) दुकानातल्या पोरगेल्या साहेबानं डबा उघडलासुद्धा नाही. म्हणाला, फॉरमॅट मारू, एकदम नवा होईल. मी विचारलं, आत आमच्या नातीच्या बारशापासूनचे फोटो आहेत, त्यांचं काय? म्हणाला, सगळं जाणार. घर झाडायला गडी बोलवावा आणि त्यानं घरच पाडू म्हणावं, त्यातली गत. बाळ परत गोधडीत गुंडाळलं आणि घरी आणलं.

मग गैबी मिस्त्रीला बोलावलं. तोच आपला मोटर बांधणारा गैबी, ज्यानं आपल्या गिरणीची मोटर जन्मभर जिवंत ठेवली आणि तुमच्या लग्नात पंगतीत जिलबी वाढताना तुम्हाला डोळा मारला होता. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, डब्याचे स्क्रू काढले, आणि आत बघितलं. मग म्हणाला, "भरमाप्पा, व्हायरस कशाला म्हंत्यात मला ठावं न्हाई. पर हितं मुंग्यांची वसाहत हाय." खरोखर होती. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते, तशी रत्नव्वानं विळी, कुदळ, वजनकाटा आणि कॉम्प्युटर यांची ओळीनं पूजा केली होती. कॉम्प्युटरच्या डोक्यावर गूळखोबरं ठेवलं होतं, ते वरच्या भोकांतून आत गळालं. (तुमचं मशीन इतके दिवस नैवेद्य खाऊन चाललंय. कंपनीत सांगू नका.) गैबीनं रंगाच्या ब्रशनं सगळं झाडून काढलं, चहा प्याला, आणि पैशाचं नाव काढल्यावर माझ्यावरच डाफरला.

आणि काय आश्चर्य, पुढच्या सोमवारी ढाल हिरवी! त्याच्या पुढच्या सोमवारीही हिरवी. गैबी गल्लीत सांगत सुटला की मुंग्यांचा गुण. मी म्हणत होतो, सेफ मोडचा. रत्नव्वा म्हणाली, मी बिरदेवाला नारळ बोलले होते. तुम्हालाही फोनवर आनंद झाला आणि तुम्ही काल रविवारी संध्याकाळी जोडायची परवानगी दिलीत.

आता कालचं सांगतो. लाईट गेली म्हणून जोडता आलं नाही, असं मी फोनवर सांगितलं. लाईट गेलेली नव्हती.

झालं असं, की वेळ व्हायच्या थोडं आधी मी गुडघ्याला तेल लावून बाहेर आलो. बघतो तर रत्नव्वा नवं लुगडं नेसून, चष्मा लावून, मशीनपुढं एकटी बसलेली. तिनं माऊस धरला (ती तो चिमणीच्या पिल्लासारखा धरते), बाण हळूहळू घड्याळाजवळ नेला, ढालीवर उजवं बटण दाबलं, खालच्या ओळीवर टिचकी मारली. ढालीवर लाल फुली! सराईत हात. मी तेलकट हातानंच पुढं झालो. विचारलं, अगं हे काय करतीस?

ती जराही दचकली नाही. म्हणाली, "पावणं यायच्या आदी कुत्रं बांधत न्हाईत व्हय?"

मी ढालीकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, "त्यो राखणदार जागा असला की ऐन गोष्टीत गुरगुरतोय. पोरगीचं हसू आडकतंय. त्वांड उघडून तशीच थिजतीया, आवाज न्हाई का काय न्हाई. मला भ्या वाटतंय बघाय."

जावईबापू, आपल्या गिरणीच्या दारात काळू होता तेव्हा पावणं आलं की तीच त्याला मागच्या परड्यात बांधायची, हे मी जन्मभर बघितलंय. मग इतके दिवस मला हे सुचलं का नाही? बरं, पावणं गेल्यावर कुत्रं सोडायचं असतं, असं मी म्हटलं. पण मला दिसतं ना. बोलणं संपून पडदा काळा झाला की ती पदर डोळ्याला लावते आणि काम नसताना गोठ्यात जाते. तिथं कुठली साखळी आठवणार! आणि मधले रविवार बोलणंच बंद होतं, म्हणून कुत्रं सुटं राहिलं आणि सोमवारी ढाल हिरवी, मुंग्यांचा गुण उगीच.

या सगळ्यात वेळ टळली, आणि तुम्हाला खरं कसं सांगावं हे ठरेना, म्हणून लाईट गेली. तुमच्या मशीनला आमच्याकडून कसलाही धोका नाही, ही खात्री बाळगा. व्हायरस नाही, मुंग्या नाहीत, पावणं गेलं. सासूबाईंना रागावू नका. सुष्मितेला आशीर्वाद, शिवांजलीच्या दोन्ही गालांना इथूनच माझ्या दाढीचे टोचरे पापे.

तुमचा मामा,
भरमाप्पा

ता. क. ढाल बंद करायची विद्या तुमच्या सासूबाईंनी कुठून मिळवली, हे मी लिहिणार नव्हतो. पण "त्यास्नी कळू दे की" म्हणून त्या मागं उभ्या आहेत. ती त्यांना फोनवरून सुष्मितेनं शिकवली. तिकडंही ती तेच करते म्हणे. रविवारी बोलणं सुरू व्हायच्या आधी तुम्हाला चहा टाकायला आत पाठवतात का? आठवून बघा.

आणखी ता. क. सकाळी मी त्या राखणदाराच्या पोटातलं सगळं उघडून वाचलं. आठवड्याची मोठी झडती घ्यायची वेळ त्यात नेमलेली आहे. रविवार, संध्याकाळी सहा. म्हणजे कुत्रं जात्याच गुरगुरणारं नाही, त्याला नेमकं पावणं यायच्या टायमालाच फिरायला सोडलेलं आहे. ही वेळ कुणी नेमली हे मी विचारत नाही. नेमली त्या दिवशी मी तुमच्याच खुर्चीमागं उभा होतो, आणि "एकदम बरोबर" असं मीही म्हणालो होतो. तेव्हा विनंती अशी, की ती झडती सोमवारी पहाटे नेऊ का? म्हशीबरोबर तीही उठेल. जावयानं बसवलेल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून थांबलोय. तिकडची तुमची तुम्ही बघा.

शेवटचं. शिवांजलीला सांगा, शेळी ओढ्याच्या अलीकडंच आहे, पाणी उतरायला लागलंय. पुढं काय होतं हे मी अज्जीला विचारून बघितलं, तिनं मला सांगितलं नाही. येत्या रविवारी वायरी सोडून मीही अज्जीच्या शेजारी पडद्यापुढं बसतो. मलाही ऐकायचंय.