जिना भावाचा, खोल्या माझ्या

मी, ओनोरीन एस्कालोन, वय ब्याऐंशी, अविवाहित, राहणार एक्स-आं-प्रोव्हांस, हे मृत्युपत्र शुद्धीत, चष्मा लावून आणि कुणाच्याही धाकाविना लिहून देते. धाकटा भाऊ आन्सेल्म दाराबाहेरून ओरडत आहे, परंतु त्याला धाक म्हणता येणार नाही.

१. मिळकत. सदर घर सुमारे तीनशे वर्षांपूर्वी आमच्या न्यायाधीश पूर्वजाने समोरच्या न्यायाधीशाला जळवण्यासाठी बांधले. दारावर सज्जा पेलणारे दोन दगडी पैलवान, आत घुमटापर्यंत वळत गेलेला जिना, छतांवर रंगवलेले देव. एवढ्यातच त्याचा खजिना आटला. मग राहायच्या खोल्या मागे कोंबल्या आणि दर्शनी बाजूच्या निम्म्या खिडक्या भिंतीवर नुसत्या रंगवल्या. कबुतरे अजून फसतात.

२. मालकी. वडिलांनी लिहून ठेवले : "ओनोरीनला झोप प्रिय, तिला खोल्या. आन्सेल्मला सौंदर्य प्रिय, त्याला जिना." त्यानुसार मी माझ्या खोलीतल्या छतावरचा नागडा सूर्यदेव चुना फासून झाकला. छत माझे होते. आन्सेल्मने जिन्याला कुलूप घातले. जिना त्याचा होता.

तेव्हापासून मी मागच्या अंगणातून शिडीने स्वयंपाकघराच्या खिडकीत चढत आले. आन्सेल्मने पलंग जिन्याच्या वरच्या चौकात मांडला. आमच्यामध्ये एक बंद दार.

"ताई, कांद्याचं सूप का गं?"

"वास फुकट घे. सूप माझ्या हद्दीत आहे."

तरी मी वाडगा दाराच्या फटीतून सरकवत असे. फट मी स्वतः करवतीने मोठी केली.

३. गेल्या हिवाळ्यात मी शिडीवरून पडले. आन्सेल्म पायजम्यावर धावत आला आणि पाठुंगळी घेऊन मला पुढच्या जिन्याने वर नेऊ लागला.

"अगं, किती जड झालीस!"

"बोलू नकोस, दम लागेल. आणि जरा हळू चाल."

हळू अशासाठी, की घुमटातून ऊन उतरत होते आणि दगडी कठडा त्यात लोण्यासारखा दिसत होता. हे मी त्याला सांगितले नाही. येथे नोंदवते.

४. सबब माझ्या सर्व खोल्या आन्सेल्मला द्याव्यात. त्याने पलंगासह आत यावे, चौकात फार वारा येतो. सूर्यदेवावरचा चुना खरवडू नये.

५. मागच्या घरातल्या मादाम बार्बारू मला चढताना दुर्बिणीतून पाहत. शिडी त्यांना द्यावी.

६. पुरवणी. वरील वाचताच वकील मेत्र रूस्तां यांनी कपाळाला हात लावला. आन्सेल्मने मागच्याच आठवड्यात आपल्या मृत्युपत्रात जिना माझ्या नावे केला आहे म्हणे. म्हणजे जो मागे राहील त्याला अख्खे घर मिळेल, आणि भांडायला दाराबाहेर कुणी नसेल. मी दारातून विचारले, "आता काय करायचं रे?"

"तू आधी मरायचं नाहीस. मीही नाही."

हे कलम वकिलांच्या मते कायद्यात बसत नाही. तरी ते कायम ठेवावे.

एक्स-आं-प्रोव्हांस, ९ मार्च १९५८

सही : ओनोरीन एस्कालोन
साक्षीदार : फेर्नां गारसां, पाववाले, लेओनी ताव्हां, शिंपीण
(दोघेही शिडीने आले)