दादा विरुद्ध डावऱ्या: न झालेल्या लढतीबाबत

मी, खाली सही करणारी, लॉन्ड्रीची मालकीण, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. या घरात अजून कोण राहतं, हे त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे तो विषय निघाला नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. वकीलसाहेब मधूनमधून "हे गाळू या का?" म्हणतात, पण त्याला दबाव म्हणता येणार नाही. याआधीची माझी मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती लिहिताना मी सगळ्यांवर चिडलेली होते.

घर आणि धंद्याबाबत. लॉन्ड्री, तिच्या वरचा राहता मजला, बॉयलर, वाफेच्या इस्त्र्या आणि बँकेत जे काही उरलं असेल ते माझ्या थोरल्या भावाच्या नातीला मिळावं. तिचा बाप म्हणजे माझा भाचा. दादा गेला तेव्हा तो रांगत होता, आणि कळता झाल्यावर त्याने या घराकडे पाठ फिरवली ती कायमची. त्याच्यावर माझा राग नाही. बाप जिथे गेला तिथल्या इस्त्रीचा वास कोणाला सोसेल? पण त्याची मुलगी आली, आणि आली ती खांद्यावर बॉक्सिंगचे ग्लोव्हज टाकून. तिला हे सगळं एका अटीवर मिळेल. ती अट कळायला आधी दादा कळायला हवा, म्हणून ती पुढे लिहिली आहे.

दादा बॉक्सर होता, लाइटवेट गटातला. त्याच्यासारखे पाय पुन्हा पाहिले नाहीत, असं त्याचा मार खाल्लेले लोकच सांगायचे. त्याच गटात डावऱ्या होता. खेळायचा डाव्या हाताने, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. दोघांची लढत ठरली तेव्हा गल्लीत दुसरा विषय नव्हता. अडचण एकच होती. दादाचं अंग त्या गटात मावेनासं झालं होतं. त्याने वरच्या गटात जायला हवं होतं, हे त्याच्या जेवणाचं ताट वाढणाऱ्या आम्हा बायकांना दिसत होतं, पण आम्हाला कोण विचारतो?

घाम काढून वजन उतरवायला त्याच्या वस्तादांनी त्याला आमच्या इस्त्रीच्या खोलीत बसवलं. अंगावर गिऱ्हाइकांचे लोकरी कोट, दार बंद, बॉयलर पूर्ण चालू. पाण्याचा जग त्यांनी कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. कपड्यांची गाठोडी तोलायचा आमचा मोठा वजनकाटा आहे. त्याच्या तबकडीवर गटाच्या वजनाच्या हद्दीची लाल खूण दादानेच रंगवली होती. तो बाहेर आला, काट्यावर चढला, आणि सुई नेमकी खुणेवर थांबली. "बघ, बसलो की नाही गटात?" असं म्हणून तो माझ्याकडे बघून हसला. मग खिडकीजवळच्या खुर्चीत टेकला आणि तिथून उठलाच नाही.

वस्ताद आता हयात नाहीत. त्यांच्या क्लबाला मी पाण्याचा एक मोठा कूलर ठेवते. तो वजन करायच्या जागेला लागूनच, वस्तादांच्या फोटोखाली बसवावा. त्याला कुलूप घालता येईल अशी सोय नसावी. कोणी कारण विचारलं तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं. वकीलसाहेबांना हे गाळायचं होतं.

दादा गेल्यावर काही दिवसांनी डावऱ्या शर्टांचं गाठोडं घेऊन दुकानात आला. शर्ट स्वच्छ होते. काउंटरपाशी उभा राहून म्हणाला, "तो मला हरवणार होता."

मला ते सांत्वन सहन झालं नाही. "तुझ्या पहिल्या ठोशाला आडवा झाला असता तो. उभं राहायचं त्राण होतं का त्याच्यात?"

"अगं, तू त्याला रिंगमध्ये पाहिलंयस कधी?"

"आणि तू त्याला काट्यावरून उतरताना पाहिलंयस?"

भांडणात अहो-जाहो टिकत नाही, त्यामुळे आम्ही पहिल्या दिवसापासून अरे-तुरेवर आलो. दर शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. तेव्हापासून दर शुक्रवारी तो येतो, आणि मी त्याच्या बाजूने भांडते, तो दादाच्या बाजूने. तो म्हणतो, दादाचा उजवा ठोसा माझ्या डाव्याच्या बाहेरून यायचा, मला दिसायचाच नाही. मी म्हणते, दिसायचा नाही तर नाही, पण चौथ्या फेरीत त्याचे पाय संपतात, मग तू त्याला दोरांवर घे. "घेतला असता, पण तो तिथून सटकला असता," असं तो म्हणतो, आणि उठून, गुडघे धरत, कसा सटकला असता ते करून दाखवतो.

समोरचा शिंपी आणि इतर गिऱ्हाइकंही हळूहळू यायला लागली. मग बोलण्यात जुने सगळे चॅम्पियन बाहेर निघाले. मास्तर आणि गवंडी या नावांनी गाजलेल्या दोन बॉक्सरांची लढत आम्ही तोंडी कितीदा लावली असेल! मास्तर मेला त्यानंतर गवंडी जन्मला, पण म्हणून काय झालं? शिंपी मास्तरच्या बाजूने इतका तावातावाने बोलायचा की गिऱ्हाइकाची पँट आखूड व्हायची. माझ्या दुकानाचा नियम एकच: दोघेही एका वजनाचे, आणि आपापल्या सगळ्यात चांगल्या वर्षातले. मास्तर आणि गवंडी यांचा निकाल लागायचा. दादा आणि डावऱ्या यांचा कधी लागला नाही.

आता जे लिहिते आहे त्यावरून माझी शुद्ध तपासू नये. बॉयलर थंड असतानाही इस्त्रीची खोली कधीकधी उबदार असते. टांगलेल्या लोकरी कोटांचं अस्तर आतून ओलं लागतं. आणि सकाळी दुकान उघडते तेव्हा वजनकाट्याची सुई पुष्कळदा त्या लाल खुणेवर असते, वर कोणी नसताना. मेकॅनिक म्हणाला, "आजी, स्प्रिंग म्हातारी झालीय." मी म्हटलं, म्हातारी झाली तर कुठेही थांबेल, तिथेच कशी थांबते? त्याने हत्यारं गोळा केली आणि चहा न घेता गेला. डावऱ्याने ती सुई एकदा पाहिली आणि टोपी काढली. मला भीती वाटते, पण ती दादाची नाही. तो अजून पाणी न पिता बसला आहे, याची वाटते.

डावऱ्याने मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी सुचवलं नाही. आमच्या मध्ये खिडकीजवळची ती खुर्ची होती. माझं त्याच्यावर प्रेम आहे, हे इथे लिहिते, कारण मी गेल्यावर ते वाचलं जाईल असं मला वाटलं होतं. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदार आधी वाचू शकतात. वाचू देत.

मागच्या शुक्रवारी नात आली आणि इस्त्रीच्या खोलीची किल्ली मागितली. तिची लढत ठरली आहे, आजोबांच्याच गटात, आणि तिला वजन उतरवायचं आहे. डावऱ्या आपला चालूच होता: दादाचा उजवा, दादाचे पाय. नात ऐकत राहिली आणि म्हणाली, "पण तुम्ही आजोबा कुठल्या वजनाचे धरलेत?"

डावऱ्या म्हणाला, "मी त्याच्याबरोबर सराव केलाय ना, तोच. जेवूनखाऊन आलेला."

मी म्हटलं, "मी काट्यावरून उतरलेला धरते."

तेव्हा कळलं. इतकी वर्षं आम्ही दोन वेगळ्या माणसांवरून भांडत होतो. दुकानाचा नियम मी केला, सगळ्या चॅम्पियनांना लावला आणि घरच्या माणसाला लावायचा विसरले. दादाला त्याच्या चांगल्या वर्षात डावऱ्याखेरीज कोणीच धरलं नव्हतं, वस्तादांनीही नाही आणि मीही नाही.

म्हणून अट अशी: नातीने आपल्या अंगाला जो गट बसतो त्यातच खेळावं, लढतीच्या आदल्या दिवशी पोटभर जेवावं, आणि इस्त्रीच्या खोलीत फक्त कपडे ठेवावेत. वकीलसाहेब म्हणाले, जेवण्याची अट कायद्यात बसत नाही, विनंती लिहू. मी विनंती लिहायला लावली, मग खोडून पुन्हा अट लिहायला लावली. नात म्हणाली, "आत्याआजी, वरच्या गटातल्या सगळ्या माझ्याहून उंच आहेत. मी हरेन." मी म्हटलं, "हर. हरून घरी ये."

खिडकीजवळची खुर्ची मला डावऱ्याला द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा कायदा आहे. खुर्ची की साक्ष, असं मी त्याला विचारलं. "साक्ष करतो," तो म्हणाला. "तो गेला त्या वेळी मी इथे नव्हतो." म्हणून डावऱ्याला मी काहीही ठेवत नाही.

सहीआधी घडलेलं नोंदवून ठेवते. वकीलसाहेब अटीचं कलम वाचत असताना नात उठून आत गेली. आम्हाला वाटलं, रागावून गेली. ती आली ती पाव आणि अंडी खात, दुसऱ्या हातात पाण्याचा जग. काट्यासमोर उभी राहून तिने सगळं संपवलं, जग रिकामा केला, आणि बुटांसकट वर चढली. सुई लाल खुणेवर आली आणि पुढे गेली. नात उतरली. सुई मागे फिरली, खुणेवर न थांबता थेट शून्यावर गेली आणि तिथेच राहिली. मला हायसं वाटलं, आणि लगेच फार एकटं वाटलं.

स्थळ: लॉन्ड्री, खालचं दुकान.
दिनांक: शिक्क्यावर आहे तोच, वार शुक्रवार.

लिहून ठेवणार: लॉन्ड्रीची मालकीण (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही). लिहून ठेवणार शुद्धीत आहेत. सुई मीही पाहिली.

साक्षीदार दुसरा: डावऱ्या (सही, डाव्या हाताने). सगळं वाचलं, प्रेमाचंही. जेवून आला असता तर तो मला हरवणार होता.

साक्षीदार दुसरा यांचं म्हणणं वाचलं. मान्य.
लॉन्ड्रीची मालकीण (पुन्हा सही)