गाडी दिसली की नदी त्याची

शिरायामा गाव,
मेअखेर

प्रिय तोकुझो,

अनेक आशीर्वाद. भाताची लावणी आटोपून कंबर धरून बसला असशील. मी बरी आहे. डोळ्यातला मोतीबिंदू काढला, आता शेजारणीच्या सुरकुत्याही स्वच्छ दिसतात. बर्फाच्या भाराने गोठ्याचं छप्पर बसलं, पण आत जनावरं नाहीतच, म्हणून तसंच ठेवलंय.

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस. दर शरदात दाराशी रानअळंब्यांची टोपली कोण ठेवून जातं, हे न कळायला मला काही म्हातारचळ लागलेला नाही. तुला हाक मारावी असं वाटलं नाही, एवढंच.

परवा डोळे दाखवून परतताना दरड कोसळून खालचा रस्ता बंद होता, म्हणून कामिसावा नदीच्या वाटेने आले. तुझा सेइकिचीदादा, म्हणजे आमचे हे, तिथे गेल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. त्यांची गळाची काठी गाडीत असतेच. वाटेत पाणी बरं दिसलं की तासभर उभी राहते, मिळाले तर दोन ट्राउट मासे मीठ लावून निखाऱ्यावर. म्हटलं, या नदीशी किती दिवस अबोला धरायचा?

नदीकडे उतरणारा फाटा संपतो तिथे एक पांढरी गाडी उभी होती. मी लगेच माझी गाडी वळवली. आपल्याकडे यात विचार करायचाच काय असतो? आधी आलेला माणूस मासे धरत वर वर जाणार, त्याचं पाणी आपण ढवळायचं नाही. मी दुसऱ्या ओढ्याकडे निघालेही. घाटाच्या वळणावर एकदम ब्रेक दाबला. गाडी बाजूला घेऊन नुसती बसून राहिले.

तोकुझो, तू केलंस तेच मी आत्ता केलं होतं.

इतकी वर्षं मनातल्या मनात तुला विचारत आले, की त्या दिवशी नदीवर त्यांची गाडी ओळखलीस, दुपार टळली होती, मग वर जाऊन एक हाक मारायला तुझं काय जात होतं? मांडीचं हाड मोडून पडलेला माणूस संध्याकाळपर्यंत जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. आपण दोघांनी ते कधी तोंडातून काढलं नाही.

मी परत फिरले. काठी गाडीतच ठेवली आणि काठाकाठाने वर चढले. गुडघे बोंबलत होते. बऱ्याच वेळाने अस्वलांनी दूर राहावं म्हणून कमरेला बांधतात ती घंटी ऐकू आली. पन्नाशीचा माणूस, चांगला धडधाकट. मला बघून भडकला.

“आजीबाई, खाली माझी गाडी दिसली नाही का? एवढं वय झालं, रीत ठाऊक नाही?”

मी वाकून माफी मागितली. म्हटलं, “दिसली, म्हणूनच आले. तुम्ही ठीक आहात ना, तेवढं बघायचं होतं.”

त्याने गळाची दोरी गुंडाळली. मग मी नको नको म्हणत असताना वरचं पाणी सोडून मला खालपर्यंत पोचवायला आला.

त्यांच्यासाठी मी खूप रडले आहे. परवा गाडीत बसून तुझ्यासाठी रडले. तू वर जायला हवं होतंस, असं मला अजूनही वाटतं. खोटं कशाला लिहू? पण माझाही हात आपसूक वळला, आणि तुझ्या जागी ते असते तर तेही मागे फिरले असते. तुला ही रीत त्यांनीच तर शिकवली.

पुढच्या महिन्यात त्यांचा सातव्या वर्षाचा विधी आहे. मंदिरातले भिक्षू येतील. धाकट्या भावाच्या जागी तू बस. कोणी नाक मुरडलं तर मी बघून घेईन.

विधीच्या दुसऱ्या दिवशी मला नदीवर ने. ते सापडले ती जागा मी अजून पाहिलेली नाही. पाठीवरून त्यांना खाली आणलंस ते तूच, तेव्हा तुलाच माहीत. खाली कोणाची गाडी उभी असली, तरी आपण वर जाऊ.

तू म्हणायचास तीच,
तुझी वहिनी
मित्सुए