आईला ऐकवलेलं पुस्तक

ग्रनोबल,
१९ नोव्हेंबर १९८३

प्रिय लिओनिल्द,

सोमवारी इथं सुखरूप पोचलो. तुझा खोकला कमी झाला असेल अशी आशा. डोंगरांवर बर्फ दिसू लागलंय. तू बांधून दिलेले चेस्टनट छापखान्यातल्या मंडळींनी दोन दिवसांत फस्त केले. मी तिथं अजून मुद्रितंच तपासतो. नावापुढं लेखक लागलं तरी पोट दुसऱ्यांच्या चुका सुधारूनच भरतं.

आईचं दुखणंखुपणं, शेवटचं सगळं तू केलंस आणि मी पाहुण्यासारखा येऊन गेलो. अठरा वर्षांनी आलो, तेही चार दिवस तुला चुकवत. तुझ्या ते लक्षात आलं असणारच.

आईला माती देऊन परतल्यावर देओलिंदामावशी तिच्या स्वयंपाकघरात आम्हाला सूप वाढत होती. मला सांगू लागली, “तुझं पुस्तक आम्ही दोनदा ऐकलं. दर रविवारी लिओनिल्द वाचायची आणि तुझी आई विणकाम बाजूला ठेवून ऐकायची.”

मी चमचा खाली ठेवला. लिस्बनमधलं सरकार बदलल्यावर मी आईला एकच प्रत पाठवली होती, तीही तिला अक्षर येत नाही या भरवशावर. तिला कोण वाचून दाखवेल, हा विचार मी केलाच नव्हता. पुस्तकात तुझं नाव तेवढं बदललेलं, बाकी सगळं आपलंच. अंगोलाच्या लढाईवर जायचं नाही म्हणून सरहद्द ओलांडणारा मुलगा, त्याच्याबरोबर निघणारी मुलगी, चर्चच्या मिरवणुकीचा दिवस, भेटायची ठरलेली जागा. आणि ऐन वेळी ती मुलगी कच खाते, येतच नाही.

मावशी म्हणाली, “ती मुलगी म्हणते ना, ‘तू जा, तुझ्या आईकडे मी बघते,’ तिथं तुझ्या आईला हुंदका आवरेना. असं लिहायला काळीज लागतं रे, अमादेऊ.”

हे वाक्य माझ्या पुस्तकात नाही.

निघताना तू बसपाशी आलीस, पुस्तक माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, “घेऊन जा. आता ऐकायला कोणी नाही.” गाडीत उघडलं. शेवटच्या तीस पानांवर ओळींच्या मधे तुझं पेन्सिलीचं बारीक अक्षर. मुलगी जिथं जिथं भ्याली, तिथं तू तिला शहाणी केलंस. मुलाला मात्र कुठंच कमीपणा आणला नाहीस. कडेला माझ्यासाठी एकही कडू शब्द नाही. एका ठिकाणी तर माझं व्याकरण सुधारलंयस.

इथल्या आपल्या पोर्तुगीज लोकांच्या क्लबात गवंडीकाम करणारे गडी दर रविवारी मला चिडवतात, “लेखकमहाराज, त्या पोरीनं दगा दिला नसता तर तुम्हीपण आमच्यासारख्या विटाच वाहिल्या असत्या.” मी हसतो आणि त्यांनी पुढं केलेला पेला घेतो. इतकी वर्षं घेत आलो.

आता जे टाळतोय ते लिहितो.

फ्रान्समधून तुला पहिलं पत्र धाडलं, त्यात लिहिलं होतं की पोलीस मागावर होते म्हणून आदल्या दिवशीच निघावं लागलं. ते खोटं. मिरवणुकीच्या दिवशी मी फिर्मिनोच्या मेंढवाड्याच्या भिंतीआड होतो. मी तुला पाहिलं, लिओनिल्द. तू मिरवणुकीतून मागं राहिलीस, ठरल्याप्रमाणं खळ्याजवळ आलीस, पायातले चर्चचे बूट काढून वडिलांचे जाड बूट चढवलेस. काखेत गाठोडं होतं. सरहद्द पार करून देणारा माणूस माझ्या कानाशी म्हणाला, “बाई नको. नदीला पाणी चढलंय. एकटा येतोस तर ये.”

मी त्याच्याशी वाद घातला नाही. बँडची दोन गाणी होईतो तू उभी होतीस. तू वाटेकडं बघत होतीस आणि मी तुझ्याकडं. मग मी नदीच्या अंगानं उतरलो.

भ्यालो मी, आणि ती भीती तुझ्या नावावर छापून घेतली.

लिस्बनचा एक प्रकाशक नवी आवृत्ती काढायची म्हणतो. मी फोनवर नको म्हणालो. कारण विचारलं, तर सांगितलं की पुस्तकात एक चूक आहे. तो हसायला लागला, म्हणाला, कादंबरीत चूक कसली? मी फोन ठेवला.

आईच्या घराची किल्ली तुझ्याकडंच राहू दे. उत्तर लिहिलंच पाहिजेस असं नाही.

काल देओलिंदामावशीला वेगळं पत्र टाकलंय. मेंढवाड्याच्या भिंतीपासून सगळं त्यात आहे. रविवारी सगळ्यांना बोलावून सुनेकडून वाचून घे, असं लिहिलंय. ते तुझ्या हाती द्यायचं नाही, हेही तिला बजावलंय. तू वाचून दाखवलंस, तर मला पुन्हा वाचवशील.

तुझा म्हणवण्याचा हक्क नसलेला,
अमादेऊ